आपणच केलेला नेम

सोलापुरात आमच्या शाळेला ‘मोकाट शाळा’ म्हणत. मोकाट गुरं, तशी मोकाट शाळा. म्हणणाऱ्यांत माझा थोरला भाऊही होता आणि मी त्याच्याच घरी राहत होते, त्यामुळे हा शब्द मला रोज जेवणाबरोबर वाढला जाई. पुण्याहून शिक्षिकेची परीक्षा देऊन आलेली बहीण म्युनिसिपालटीच्या मुलींच्या शाळेत लागेल, असं त्यानं मनाशी धरलं होतं. मी लागले ती गावाबाहेरच्या, कापसाच्या एका जुन्या गोदामात. तिथे घंटा नव्हती, छडी नव्हती, परीक्षा नव्हती आणि भावाच्या मते शाळाही नव्हती.

शाळा काढणाऱ्या गृहस्थांना हेडमास्तर म्हटलेलं खपत नसे. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. उंच, किडकिडीत, सदा घाईत असल्यासारखे चालणारे, पण मुलाशी बोलायला खाली बसले की उठायची घाई नाही. चांगली सरकारी नोकरी सोडून त्यांनी हे गोदाम भाड्यानं घेतलं होतं. घंटा का नाही, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “बाई, ह्या गावात माणसाच्या पोटात घास जायच्या आधी कानात गिरणीचा भोंगा जातो. पुढे जन्मभर तोच ऐकायचा आहे पोरांना. निदान लहानपण तरी त्याच्याशिवाय जाऊ दे.”

मला ते इतकं पटलं, की त्या दिवशी घरी भावानं काय टोमणा मारला ते आता आठवतही नाही.

मुलं आपापल्या वेळेनं येत. कुणी उजाडताच येई, कुणी गिरणीच्या फाटकावर बापाची भाकरी पोचवून येई. आलेल्या मुलानं हातपाय धुऊन आपली पाटी घ्यायची आणि जिथे काल थांबला होता तिथून पुढे लागायचं. त्यात माझ्या नाकी नऊ येत. एकाला बाराखडी, दुसऱ्याला बेरीज, तिसरा अजून दारात. पण मुलं शिकत होती, हे खरं. भावाला हे सांगायची सोय नव्हती.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, नऊएक वर्षांची. घरी तेलुगू बोलणारी, विणकराची. तिच्या बापाचा माग घरातच होता. इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सूत गुंडाळलेली कांडी असल्याशिवाय माग चालत नाही आणि त्या कांड्या रहाटावर भरायचं काम घरच्या बायकांचं नि पोरींचं. ही सकाळी उठून कांड्या भरी, बापाला पुरतील एवढ्या झाल्या की धावत शाळेत येई. तोवर ऊन चांगलंच वर आलेलं असे. त्या दिवशी मागावर जो रंग असेल तो तिच्या बोटांना लागलेला असे, आणि मुलं तिची बोटं बघून ओळखत, आज लुगडं हिरवं की डाळिंबी.

वाचायला लागली आणि मग थांबेचना. भिंतीवरचं, पुड्यांवरचं, दुकानांच्या पाट्यांवरचं, जे दिसेल ते. तिच्या घरात अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं. लहान मुलांना आपल्याभोवती बसवून ती धडा वाचून दाखवी, मध्येच थांबून ‘कळलं का?’ असं अगदी माझ्या आवाजात विचारी. एकदा मला म्हणाली, “बाई, मी मोठी झाल्यावर बाई व्हनार.”

“माझ्यासारखी?”

जरा विचार करून म्हणाली, “व्हय, पन तुमच्यापरीस जरा कमी रागीट.”

हिला मी शिकवणार, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. चार इयत्तांवर थांबू द्यायचं नाही. ट्रेनिंगला पाठवायचं. मला मूलबाळ नव्हतं, आणि लपवायचं कशाला, ती मला पोटच्या पोरीसारखी वाटे.

आता सभेविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या सभेपायी झालं. दर शनिवारी शाळेची सभा भरे. अध्यक्ष मुलांतलाच. मुलांना कुणाविषयीही तक्रार करता येई, आमच्याविषयीही. शाळेचे नियम सभाच करी. नियम हा शब्द गुरुजींना कचेरीतला वाटे, म्हणून ‘नेम’ म्हणायचं. एकदा गुरुजी वर्गात तपकीर ओढतात आणि मग सगळ्यांना शिंका येतात अशी तक्रार आली. गुरुजींना उभं राहावं लागलं. ते उभे राहिले, चूक कबूल केली, आणि सभेनं सांगितल्याप्रमाणे डबी अध्यक्षाच्या हवाली केली. तो अध्यक्ष त्यांच्या कमरेएवढा होता. माझ्यावरही एक नेम झाला. बाईंना राग आला तर आधी कुणाचा आला ते सांगावं, कारण राग एकाचा असतो आणि घाबरतात सगळे. मी तो नेम पाळला. पाळताना निम्मा राग तिथेच जाई, हेही मला कबूल केलं पाहिजे.

सभा संपताना अध्यक्ष विचारी, “नेम कुणी केला?” सगळी मुलं ओरडत, “आम्ही!” “पाळायचा कुणी?” “आम्ही!” गोदामाचे पत्रे थरथरत. ह्याच दोन प्रश्नांसाठी आपण शाळा काढली, बाकी सगळा बारदाना, असं गुरुजी म्हणत.

पुढे सत्याग्रहाचं वर्ष आलं. गुरुजी तुरुंगात गेले. गावात गोळीबार झाला, लष्करी अंमल आला, पांढरी टोपी घालून रस्त्यावर निघायची चोरी झाली. शाळा काही काळ बंदच होती. मग मी आणि गणिताचे मास्तर, आम्ही दोघांनी ती पुन्हा सुरू केली. मास्तर सज्जन, पण त्यांचं कशावाचून अडत नसे. घंटा असती तरी त्यांनी गणित शिकवलं असतं आणि नव्हती तरी शिकवत होते. हेडमास्तर कुणीच नव्हतं. तरीही शनिवारची सभा एकदाही चुकली नाही. मुलंच चुकू देत नसत. गुरुजी आले की त्यांना हे दाखवायचं, एवढ्या एका गोष्टीवर मी ते दिवस काढले.

ते सुटून आले तेव्हा सगळी शाळा स्टेशनवर गेली. हारांनी त्यांचा चेहरा झाकला गेला होता. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, “गाडी वेळेवर आली ना?” मला वाटलं, थट्टा करतात. ते खरोखरच विचारत होते.

हळूहळू ध्यानात येऊ लागलं. कुणी दार उघडलं की ते उठून उभे राहत. जेवताना ताटाभोवती डावा हात आडवा धरत आणि भराभर जेवत. मूल बोलायला आलं तर खाली बसत, पण दोन वाक्यांत उठत. मी म्हटलं, तुरुंगातून आलेला माणूस आहे, निवळेल. माझा जीव त्यांच्यासाठी तुटायचा. त्यांच्याविरुद्ध काही बोलावं लागेल, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

एके दिवशी मुलं गेल्यावर त्यांनी आम्हा दोघांना ओसरीवर बसवलं. म्हणाले, “आत मी एक गोष्ट शिकलो. आम्ही सगळे देशासाठी आलेले. पण भाकरीवरून भांडत होतो, पाण्याच्या नळावर ढकलाढकली करत होतो. आणि गावात काय झालं? शिट्टी वाजली, जमाव उधळला. स्वातंत्र्य मिळालं तर आपल्याला ते पेलणार नाही. आपण मुलांना मोकळीक दिली, कणा दिला नाही.” मग म्हणाले, “शाळेला घंटा हवी. घंटेला सगळे आत. त्यानंतर फाटक बंद.”

मास्तर म्हणाले, “बरं होईल. मलाही वेळेवर घरी जाता येईल.”

मी मात्र भडकले. नेमाप्रमाणे आधी सांगितलं, “गुरुजी, मला राग आलाय आणि तो तुमचा आलाय.” ते हसले. किती दिवसांनी हसले होते! मी म्हटलं, “ज्यांनी कोंडलं त्यांचीच घंटा तुम्ही इथे आणता? आणि ज्या मुलांना घरचं काम टाकून येता येत नाही त्यांनी काय करायचं?”

“काम आधी उरकायचं. माणूस ठरवतो तेव्हा जमतं.”

“नाही जमलं तर?”

त्यांनी ओसरीवर राहिलेली एक पाटी उचलून भिंतीशी लावली. मग म्हणाले, “मी एकटा कोण ठरवणार? सभेपुढे ठेवू. सभा नको म्हणाली तर नको.”

तिथे माझा राग उतरला. अजून तेच गुरुजी आहेत, असं वाटलं. आणि मुलं कशाला हो म्हणतील? कुठलं पोर आपल्या हातानं आपल्याच पायात खोडा घालून घेईल?

शनिवारी सभा भरली. गुरुजींनी अध्यक्षाची परवानगी मागितली, मिळाल्यावर उभे राहिले, आणि हात जोडून बोलले. कुठेही दमदाटी नाही, लबाडी नाही. आपला विचार का बदलला ते त्यांनी मुलांना अगदी सोपं करून सांगितलं. एका मुलानं विचारलं, “गुरुजी, तुरुंगात तुमाला मारलं का?” ते म्हणाले, “नाही रे. मला रोज वेळेवर उठवलं. म्हणून मी नीट राहिलो.” मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. ज्या माणसाला हार घालून त्यांनी स्टेशनवरून आणलं होतं, तो त्यांच्यापुढे हात जोडून उभा होता.

मीही बोलले. मला बोलता येतं, असा माझा समज होता. पण घंटा नसावी हे मी कसं पटवणार? त्यांच्यातल्या कुणीच ती ऐकली नव्हती. शिवाय गुरुजींनी एक गोष्ट सहज सांगून टाकली होती. घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगायचा आणि टोले द्यायची पाळी रोज एकेका मुलाची. रुळावर हातोडी मारायला मिळणार म्हटल्यावर माझं भाषण कोण ऐकतो!

हात वर झाले. सगळे. मी आधी माझ्या त्या विणकराच्या मुलीकडे पाहिलं. तिचा हात तर सर्वांत उंच होता, कारण तो दिसावा म्हणून ती चवड्यांवर उभी राहिली होती. बोटं निळी होती.

मग गुरुजींनी दुसरी गोष्ट ठेवली. सभा दर शनिवारी न भरता, मुख्याध्यापकांना गरज वाटेल तेव्हा भरावी. दर आठवड्याला तक्रारी करत बसण्यात वेळ जातो. ह्यावर तर कुणी प्रश्नही विचारला नाही. हात वरच होते, ते खाली घेण्याआधी हेही मंजूर झालं. अध्यक्षानं विचारलं, “नेम कुणी केला?” आणि पत्रे थरथरले. त्यानंतर मी तो आवाज ऐकला नाही. सभेची गरज गुरुजींना पुन्हा कधी वाटली नाही.

रेल्वेच्या आवारातून रुळाचा तुकडा आला, लिंबाच्या फांदीला टांगला गेला. टोला घातला की गोदामाच्या आतपर्यंत घुमायचा. पाळीसाठी मुलं भांडली, मग नव्याचे नऊ दिवस संपले आणि भांडण थांबलं. शाळा भराभर सुधारली, असं गाव म्हणू लागलं. रांगा लागल्या, पाढे एका सुरात होऊ लागले. माझ्या भावानं पहिल्यांदा शाळेत पाऊल टाकलं, इकडेतिकडे पाहिलं आणि गुरुजींना नमस्कार करून म्हणाला, “आता ही शाळा वाटते.” आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला काय सांगणार?

माझी ती मुलगी घंटेच्या पहिल्याच दिवशी आली तेव्हा फाटक बंद होतं. मला वर्गातून दिसत होती. रडली नाही, हाकही मारली नाही. फाटकाला टेकून, आतून ऐकू येणारा धडा तोंडातल्या तोंडात म्हणत उभी राहिली. दुपारच्या सुटीला फाटक उघडलं तेव्हा आत आली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिच्या घरी नुकतंच बाळंतपण झालं होतं, आई अंथरुणाला खिळलेली, कांड्या सगळ्या हिच्याच गळ्यात. टोल्यांची तिची पाळी आली तो दिवसही तसाच गेला. हातोडी दुसऱ्याच कुणीतरी मारली.

मी गुरुजींकडे गेले. एवढ्या एका मुलीला सूट द्या म्हटलं. “बाई, एकीला दिली की नेम मेला,” ते म्हणाले. पण ते निर्दय नव्हते, तसं मी कुणाला म्हणू देणार नाही. संध्याकाळी ते स्वतः पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, तिच्या घरी गेले, बापाशी बोलले, कांड्या आदल्या दिवशी भरून ठेवता येतील का विचारलं. बापानं त्यांना गूळपाणी दिलं, हात जोडले आणि सांगितलं, पोरगी दिवे लागेपर्यंत भरतेच आहे, तेवढ्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही पुरत नाहीत. गुरुजी खाली मान घालून परत आले. फाटक मात्र बंदच राहिलं.

मग ती यायचीच थांबली, दुपारच्या सुटीलासुद्धा.

आठवडाभर वाट पाहून मी तिच्या घरी गेले. एका खोलीत अर्धा माग, अर्धा संसार. बाप मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला, कोपऱ्यात आई बाळाला घेऊन निजलेली. ती रहाटाशी होती. मला पाहून तिचं तोंड उजळलं, पण हात थांबला नाही. आईनं तेलुगूत काहीतरी म्हटलं तशी तिनं पायानंच माझ्याकडे पाट सरकवला.

मी आवाज बारीक करून म्हटलं, “हे बघ, गोदामाला मागचं दार आहे. पूर्वी कापसाच्या गासड्या उतरवायचे ते. मी आतून कडी काढून ठेवीन. कांड्या झाल्या की तिकडून ये. माझ्या वर्गाला लागूनच आहे. कुणाला कळणार नाही.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी काही भलतंच बोलले असावे, अशा नजरेनं.

“बाई, आसं कसं? नेम हाय की.”

“असू दे नेम. मी सांगते ना.”

“पन आमीच केला की. मी बी हात वर केलावता. तुमी बघितलं न्हाई?”

“बघितलं गं. पण तुला ठाऊक नव्हतं असं होईल.”

“म्हनून काय झालं? गुरुजींनी तपकिरीची डबी दिली न्हवं? त्येंला तर लई आवडायची. तुमी बी राग सांगून रागावता.” सूत तुटलं. तिनं ते जोडलं आणि मला समजावल्यासारखं म्हणाली, “आपन केलेला नेम आपन मोडला तर मग कुनी पाळायचा?”

हे तिला मीच शिकवलं होतं, आणि इतकं चांगलं शिकवलं होतं की आता काही केल्या पुसता येत नव्हतं. मी तिथे बसून राहिले. बापाचा धोटा इकडून तिकडे जात होता. निघताना तिनं विचारलं, धडा कुठला चालू आहे. मी सांगितलं. ती म्हणाली, तो तिला फाटकाबाहेर पाठ झालाय.

तिथून मी तडक गुरुजींकडे गेले. सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. मला वाटलं होतं, हे ऐकून तरी त्यांचं मन पालटेल.  त्यांचे डोळे पाण्यानं भरले. ते उठले, ओसरीवर दोन फेऱ्या घातल्या आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. तुरुंगातून आल्यापासून इतका आनंदी चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता.

“बाई,” ते म्हणाले, “आपली शाळा यशस्वी झाली.”

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्या मुलांना रांगेतच थांबवलं आणि ही गोष्ट सांगितली. सुंदर सांगितली, ते नेहमीच सुंदर सांगत. आपल्या शाळेत आजवर आलेल्या मुलांत सगळ्यात गुणी ती, तिच्यासारखे व्हा, असं म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. रांगेतल्या पुढच्या एका चिमुरडीनं मागे वळून पाहिलं, ती कुठे उभी आहे ते शोधायला, आणि मास्तरांनी त्या चिमुरडीला समोर बघायला सांगितलं.